‘खाली ये’ या गाण्यावर आलेले सत्तावीस आक्षेप

आक्षेप आणि सूचना न मागवता मी आयुष्यात एकच मोठी गोष्ट केली, ती म्हणजे लग्न. त्यावरचे आक्षेप नंतर आले आणि अजूनही येत असतात. बाकी सगळं मी रीतसर करतो. नगररचना कार्यालयात प्रारूप आराखड्यांच्या टेबलावर मी एकतीस वर्षं बसलो आहे. रस्ता रुंद करायचा असो की बागेत एक बाक ठेवायचा असो, आधी प्रारूप तयार करायचं, ते लोकांसमोर मांडायचं, सात दिवसांची मुदत द्यायची, आलेल्या प्रत्येक आक्षेपाला क्रमांक घालायचा, समोर अभिप्राय लिहायचा आणि मग अंतिम मंजुरी. या पद्धतीने आमच्याकडे एकही रस्ता वेळेत झालेला नाही, पण झालेल्या रस्त्याबद्दल तोंड उघडायला कुणाला जागाही राहिलेली नाही.

साथीच्या दिवसांत आमच्या ताईचं रॉक गाणं काढायची जबाबदारी माझ्यावर आली, तेव्हा मी ती याच पद्धतीने पार पाडली. त्यातून जे झालं त्याचा दोष मी पद्धतीला देत नाही. पद्धत बिचारी कागदावर असते, माणूस ती घेऊन घरी येतो.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. शाळेत भूगोल शिकवते. शाळा बंद पडून फोनवर आली होती, त्यामुळे ती रोज सकाळी एका छोट्याशा चौकोनाला वाळवंटं आणि पठारं समजावून सांगायची. ही बाई कॉलेजात एका रॉक बँडची गायिका होती, असं तिच्या विद्यार्थ्यांना सांगितलं तर ते फोन बंद करतील. मला मात्र खरं वाटतं, कारण त्या बँडचे स्पीकर मी वाहिलेले आहेत. ताई गायची. दाजी, म्हणजे तेव्हा ते दाजी नव्हते, नुसतेच उंच होते, ते गिटार वाजवायचे. ड्रम वाजवणारा पुढे दंतवैद्य झाला. बेस गिटारवाला परदेशी गेला आणि तिकडे मधमाश्या पाळतो. मी सामान उचलायचो. एका कार्यक्रमात मला खुळखुळा वाजवायला दिला होता, पण दुसऱ्या गाण्याच्या आत परत काढून घेतला. त्याबद्दल माझी तक्रार नाही, फक्त नोंद आहे.

तर त्या वर्षी ताईच्या गळ्यात थायरॉइडची गाठ निघाली. गाठ तशी साधी होती, पण आवाजाच्या नसेला चिकटून बसली होती. सर्जननी सरळ सांगितलं की गाठ काढल्यावर बोलता येईल, पण वरचे सूर राहतीलच अशी हमी देता येणार नाही. ऑपरेशनची तारीख ठरली आणि त्याच आठवड्यात साथ आली. इस्पितळाने सगळी ठरलेली ऑपरेशनं पुढे ढकलली. आम्ही घरातले लोक त्या निरोपाने काळजीत पडलो. ताईने दोन दिवस विचार केला आणि मला फोन केला.

"ते 'खाली ये' एकदा नीट रेकॉर्ड करून बाहेर काढायचंय," ती म्हणाली. "आवाज आहे तोवर."

मी म्हटलं, बघतो. आमच्या कार्यालयात 'बघतो' याचा अर्थ वेगळा असतो, पण समोर ताई होती, त्यामुळे मला खरंच बघावं लागलं.

'खाली ये' हे गाणं तिने एकोणिसाव्या वर्षी लिहिलं. एक मुलगी रस्त्यावर उभी आहे आणि वसतिगृहाच्या चौथ्या मजल्यावरच्या कुणालातरी खाली बोलावते आहे, एवढाच विषय. तो चौथ्या मजल्यावरचा म्हणजे दाजी. ते आजही सांगतात की आपण तेव्हा झोपलो होतो. गाणं चार मिनिटांचं आहे आणि त्याचा सगळा जीव शेवटच्या 'ये' मध्ये आहे. तो 'ये' वरच्या पट्टीत चढतो आणि तिथेच थांबतो. तिने ते पहिल्यांदा खालून गायलं तेव्हा वसतिगृहाच्या सगळ्या खिडक्या उघडल्या होत्या, एक सोडून.

स्टुडिओ सगळे बंद. माझ्या बायकोने सुचवलं की कपड्यांच्या कपाटात तोंड घालून गायलं तर आवाज घुमत नाही. ताईने स्वतःच्या घरी प्रयोग करून पाहिला. दोन ओळी झाल्यावर हँगरची दांडी निखळली आणि दाजींचे सगळे हिवाळी कोट तिच्या अंगावर आले. रेकॉर्डिंगमध्ये ते फार स्पष्ट आलं आहे.

मग मला आमच्या तळमजल्यावरचे कानवाले आठवले. त्यांचं श्रवणयंत्रांचं दुकान आहे, आणि दुकानात कान तपासायची एक बंद खोली आहे. फोनबूथएवढी. आतून आवाज शोषणारा जाड नमदा लावलेला, पुढे काच, आत एक खुर्ची. माणसाला आत बसवून कानाला यंत्र लावतात आणि आवाज ऐकू आला की बटण दाबायला सांगतात. त्या खोलीत इतकी शांतता असते की स्वतःचा पोटातला आवाज ऐकू येतो. वैद्यकीय सेवा म्हणून त्यांचं दुकान उघडं ठेवायला परवानगी होती. कानवाल्यांना मी विचारलं तेव्हा त्यांचे डोळेच चमकले. तीस वर्षं ते त्या खोलीत 'टूं' आणि 'टीं' एवढंच वाजवत आले होते.

अडचण पासची होती. ताई शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची आणि बाहेर पडायला पास लागायचा. पासाच्या अर्जावर चार कारणं छापलेली होती: औषधोपचार, अत्यावश्यक सामान, मृत्यू, इतर. 'इतर' वर टिक केली की अर्ज आपोआप नामंजूर व्हायचा. मृत्यू कुणाचा दाखवायचा हा प्रश्न होता. राहता राहिला औषधोपचार. आता मी सरकारी माणूस. खोटं कारण लिहायला हात धजेना. शेवटी असं ठरलं की आधी खरोखर कान तपासायचे आणि मग गायचं. त्यामुळे 'खाली ये' या गाण्याशी संबंधित सगळ्यांचे कान अधिकृतरीत्या तपासलेले आहेत. ताईचे कान उत्तम निघाले. दाजींचे वयाच्या मानाने बरे. दंतवैद्यांचा उजवा कान ड्रम आणि ड्रिल यांनी मिळून संपवलेला होता. माझ्याबद्दल कानवाले म्हणाले की कान ठीक आहेत, पण बटण फार उशिरा दाबता. मी म्हटलं, आवाज आला हे नक्की झाल्याशिवाय मी दाबत नाही.

ताई आत बसली. काचेपलीकडे कानवाले, त्यांच्या मागे सहा फुटांवर मी, दारात दाजी. तिच्या कानात दाजींची आधी घेतलेली गिटार वाजत होती. पहिल्या दोन वेळा ती अडखळली. तिसऱ्यांदा तिने चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि गायली. शेवटचा 'ये' आला तेव्हा कानवाल्यांच्या यंत्रावरचा काटा उजव्या टोकाला जाऊन बसला आणि तिथेच राहिला. मी घड्याळ लावलं होतं. अकरा सेकंद. साठीला आलेली बाई, गळ्यात गाठ, आणि अकरा सेकंद. दाजी दारातून वळून रस्त्याकडे बघत उभे राहिले. मी मास्क जरा वर, डोळ्यांपर्यंत ओढला.

हे गाणं इथे थांबलं असतं तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण ड्रम राहिले होते.

दंतवैद्य आमच्याच इमारतीत सहाव्या मजल्यावर राहतात. दवाखाना बंद असल्यामुळे त्यांचे हात शिवशिवत होते. त्यांनी ड्रम न्हाणीघरात मांडले, तिथे आवाज भरदार येतो म्हणून, आणि एका दुपारी चार तास वाजवले. न्हाणीघराचा पाइप सगळ्या मजल्यांमधून खाली जातो हे आम्ही दोघंही विसरलो. लोकांच्या मोऱ्यांमधून ड्रम ऐकू येऊ लागले. दुसऱ्या मजल्यावरच्या बाळाच्या आईने इमारतीच्या ग्रुपवर विचारलं की पाण्याच्या टाकीत कुणी पडलं आहे का. मग एकापाठोपाठ एक प्रश्न सुरू झाले, आणि सोसायटीच्या अध्यक्षांनी मला घरी येऊन, म्हणजे दाराबाहेर उभं राहून, सांगितलं की तुम्ही नगररचनेतले आहात, लोकांना समजेल असं काहीतरी करा.

मी तेच केलं जे मला येतं. कानवाल्यांनी सगळे आवाज एकत्र करून गाणं तयार केलं होतं. त्यांचा सगळा धंदाच न ऐकू येणाऱ्यांना ऐकवण्याचा, त्यामुळे गाणं दणदणीत झालं होतं. ते मी इमारतीच्या ग्रुपवर टाकलं आणि खाली लिहिलं: 'उपरोक्त गीताचे प्रारूप रहिवाशांच्या माहितीसाठी प्रसिद्ध करण्यात येत आहे. आक्षेप व सूचना सात दिवसांच्या आत लेखी नोंदवाव्यात.' मुदत संपल्यावर प्रारूप फिरत राहू नये म्हणून ग्रुपवरचे निरोप सात दिवसांनी आपोआप पुसले जातील, अशी सोयही अध्यक्षांकडून करून घेतली. मला फार बरं वाटलं. साथ आल्यापासून पहिल्यांदा मी कामावर गेल्यासारखं वाटलं.

बायकोने तो निरोप वाचला आणि म्हणाली, "अहो, गाणं ताईंचं आहे. रस्ता नाही तो."

मी तिला समजावलं की लोकांना विश्वासात घेतलं की पुढचा त्रास वाचतो. तिने मिक्सर सुरू केला.

सात दिवसांत सत्तावीस आक्षेप आले. लोकांना घरात बसून दुसरं काम नव्हतं हे मान्य, पण आक्षेपांचा दर्जा आमच्या कार्यालयात येतो त्याहून चांगला होता. मी पाच रकान्यांचा तक्ता केला: क्रमांक, आक्षेपकाचा मजला, सारांश, अभिप्राय, निर्णय. बाळाच्या आईचं म्हणणं, ड्रम बाळ झोपल्यावर वाजल्यासारखे वाटतात, ते बाळ जागं असतानासारखे वाजवावेत. गच्चीशेजारच्या काकूंचं म्हणणं, बाईने एवढं ओरडण्यापेक्षा त्याला फोन का करू नये. दंतवैद्यांच्या सासऱ्यांनी ड्रमविरुद्ध स्वतंत्र अर्ज दिला. अध्यक्षांचा आक्षेप सर्वांत गंभीर होता. शासन सगळ्यांना घरात थांबायला सांगत असताना 'खाली ये, खाली ये' असं चार मिनिटं सांगणारं गाणं आपल्या इमारतीतून जाणं योग्य आहे का, असं त्यांनी विचारलं होतं. मी चपापलो. ही बाब माझ्या नजरेतून सुटलीच होती.

आणि तिसऱ्या मजल्यावरचे ग्रंथपाल. सार्वजनिक वाचनालयातून निवृत्त झाले, पण शांततेचा आग्रह सोबत घरी घेऊन आले. एकट्याचे नऊ आक्षेप. त्यातले आठ शेवटच्या 'ये' बद्दल होते आणि प्रत्येकात त्यांनी तो कुठल्या सेकंदाला सुरू होतो, कुठे चढतो, कुठे थोडा कापतो याची नोंद दिली होती. शेवटच्या आक्षेपात लिहिलं होतं की माणूस आजारपणाच्या बातम्या ऐकत बसलेला असताना असा आवाज आला की छातीत धस्स होतं.

मी त्यातले एकोणीस आक्षेप मान्य केले. सुधारित गाण्यात ड्रमऐवजी दंतवैद्य बोटांनी टेबल वाजवणार होते. 'खाली ये' च्या जागी 'वरच थांब' आलं. शेवटचा 'ये' अर्थातच गेला, कारण 'थांब' हा शब्द अकरा सेकंद ओढता येत नाही; तो ओढला की त्याचा अर्थच राहत नाही.

मुदत संपली त्याच दिवशी इस्पितळातून ताईला फोन आला. ठरलेली ऑपरेशनं पुन्हा सुरू झाली होती. तारीख मिळाली, सहा दिवसांनंतरची.

मी तक्ता घेऊन तिच्याशी फोनवर बोललो. क्रमांक एकपासून सगळे आक्षेप वाचून दाखवले. तिला पिशवी भरायची होती, शाळेला रजेचा अर्ज द्यायचा होता, रक्त तपासायचं होतं. शेवटी म्हणाली की तुला जे बरं वाटेल ते कर, मी येऊन गाते. मी याची नोंद 'संमती' अशी केली. थकलेल्या माणसाची संमती आणि खरी संमती यांच्यासाठी आमच्याकडे वेगळे रकाने नाहीत.

दोन दिवसांनी ती पुन्हा त्या खोलीत बसून 'वरच थांब' गायली. एकदाच, न चुकता. चष्मा काढला नाही. कानवाल्यांच्या यंत्रावरचा काटा सगळा वेळ मध्यावर शहाण्यासारखा उभा होता. कानवाल्यांनी काट्याकडे बघणंच सोडून दिलं होतं. मी मात्र समाधानी होतो, आणि त्या समाधानाच्या भरात मी नियमाप्रमाणे पुढचं काम केलं. अंतिम मसुदा तयार झाला की आधीचे कच्चे मसुदे नष्ट करायचे असतात, नाहीतर भलताच कागद बाहेर जातो. मी कानवाल्यांना पहिलं रेकॉर्डिंग काढून टाकायला लावलं. ते म्हणाले, राहू द्या की, जागा आहे. मी म्हटलं, जागेचा प्रश्न नाही. त्यांनी बटण दाबलं. मी माझ्याही फोनमधून काढलं, दंतवैद्यांना काढायला सांगितलं, आणि वहीत लिहिलं: 'प्रारूप क्रमांक एक नष्ट केले.' खाली सही, तारीख.

गाणं सगळीकडे पोचवणारी एक ऑनलाइन कंपनी असते. तिथे माणूस नसतो, फक्त अर्ज असतो. एकतीस वर्षं लोकांना अर्ज परत पाठवण्यात घालवल्यामुळे मला वाटलं होतं की अर्ज भरण्यात मला कुणी हरवणार नाही. त्या कंपनीने माझा अर्ज पाच वेळा परत केला. आमच्या बँडचं नाव 'सात रिश्टर'. हे नाव तुमचंच कशावरून, असा प्रश्न आला. मी अडतीस वर्षांपूर्वीचं कॉलेजच्या कार्यक्रमाचं पत्रक जोडलं, तर ते वाकडं आहे म्हणून परत. मुखपृष्ठावर ताईचा मास्कमधला फोटो लावला, तर कलाकाराचा चेहरा ओळखता येत नाही म्हणून परत. गाण्यात आक्षेपार्ह मजकूर आहे का, या प्रश्नापुढे मला सविस्तर उत्तर द्यायचं होतं, पण तिथे 'आहे' आणि 'नाही' एवढे दोनच चौकोन होते. माझ्या सत्तावीस आक्षेपांची कुठे वासलातच लागेना.

अखेर ऑपरेशनच्या दिवशी सकाळी गाणं बाहेर पडलं. ताई आत होती, दाजींना इस्पितळाच्या फाटकाबाहेर थांबवलं होतं, आणि मी घरात खिडकीपाशी बसून आकडा बघत होतो. संध्याकाळपर्यंत बासष्ट जणांनी ऐकलं. आमच्या इमारतीत अठ्ठेचाळीस घरं आहेत. सगळ्यांनी आवडल्याचं कळवलं. अध्यक्षांनी लिहिलं की गाणं कुठेच टोचत नाही.

दाजींचा फोन आला. गाठ साधीच निघाली, काळजीचं कारण नव्हतं. मी सुटकेचा श्वास सोडला. मग ते म्हणाले की नस खरवडावी लागली. आवाज येईल, पण जाड येईल. वरचे सूर गेले. पंधरा दिवस तिने एक शब्दही बोलायचा नाही.

चार दिवसांनी ताईचा लेखी निरोप आला. 'ऐकलं. हे मी गायलेलं नाही, धडा वाचून दाखवलाय. ते पहिलं लाव.'

आणि मी, तिचा सख्खा भाऊ, हाताच्या सवयीने उत्तर टाइप केलं: 'आक्षेपांची मुदत संपलेली आहे.' पाठवलंसुद्धा. त्यानंतर मला आठवलं की मुदत संपली एवढंच नाही, ते पहिलंही संपलेलं आहे. मी वही उघडली. माझीच सही होती. अक्षर नेहमीसारखं सुरेख.

बायकोला सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं, पण ती खाली बसली. "तिचा तो आवाज आता जगात कुठेच नाही का हो," एवढंच म्हणाली. लाज वाटते हा शब्द आपण सहज वापरतो. मला त्या दुपारी ती प्रत्यक्ष वाटली, कानाच्या पाळीपासून खाली.

कानवाल्यांनी दुकानातला संगणक दोन दिवस उपसला. काही निघालं नाही. दंतवैद्यांकडे फक्त त्यांचे ड्रम होते. ग्रुपवरचं प्रारूप माझ्याच सोयीने सातव्या दिवशी पुसलं गेलं होतं. तरी कुणीतरी आपल्या फोनमध्ये वेगळं उतरवून ठेवलं असेल म्हणून मी मास्क लावून एकेका मजल्यावर गेलो. दाराची घंटा वाजवायची, चार पावलं मागे यायचं आणि विचारायचं. ज्या लोकांनी ते गाणं नको म्हणून अर्ज दिले होते, त्यांनाच मी ते आहे का म्हणून विचारत होतो. बाळाच्या आईने मान हलवली. काकू म्हणाल्या, तुम्हीच तर काढायला लावलंत. अध्यक्षांनी मला पाणी हवं का विचारलं.

तिसऱ्या मजल्यावर मी घंटा वाजवायला जात होतो तेवढ्यात आतून आवाज आला. आधी गिटार. मग ड्रम, न्हाणीघरातले, भरदार. मग ताई. मी दारापाशी उभा राहिलो. आत भांडी घासली जात होती, आणि भांड्यांच्या आवाजावरून चढत चढत तो 'ये' वर गेला आणि थांबला. मी घड्याळ लावलं नाही.

ग्रंथपालांनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या हाताला साबण होता. मी काय मागतो आहे ते समजायला त्यांना थोडा वेळ लागला. मग म्हणाले की आलेली प्रत्येक गोष्ट मी जपून ठेवतो, वाचनालयात तेच केलं.

"पण तुमचे नऊ आक्षेप होते," मी म्हटलं.

"होते. अजून आहेत," ते म्हणाले. "छातीत धस्स होतं तो ऐकताना. रोज होतं. ही गेल्यापासून घरात दुसरं काही होतच नाही."

त्यांच्या पत्नी साथीच्या पहिल्याच महिन्यात गेल्या होत्या. आम्हाला खाली उतरून भेटायलाही जाता आलं नव्हतं. ग्रुपवर हात जोडलेली चित्रं टाकली होती. मी त्यांचे नऊ आक्षेप किती लक्ष देऊन वाचले होते, क्रमांक घातले होते, आणि त्यात काय लिहिलं होतं ते मला कळलंच नव्हतं. मी तिथेच जिन्यात त्यांची माफी मागितली. त्यांना ती कशाबद्दल ते समजलं नसावं, कारण त्यांनी हात पुसून आधी माझी सही घेतली आणि मग गाणं माझ्या फोनवर पाठवलं. स्वतःच्या वहीत 'परत पाठवलं' अशी नोंदही केली.

फोनवरून फोनवर आल्यामुळे गाणं जरा घासलेलं होतं. कानवाले म्हणाले, रॉक आहे, चालेल. कंपनीचा अर्ज पुन्हा भरला. 'आवृत्ती' या रकान्यात मी 'पहिली' लिहिलं, तर तुमची दुसरी आवृत्ती आधीच प्रसिद्ध झालेली आहे, मग पहिली नंतर कशी, असं विचारून अर्ज परत आला. तीनदा आला. चौथ्यांदा मी कारणाच्या रकान्यात 'चूक झाली' एवढंच लिहिलं आणि तो मंजूर झाला. एकतीस वर्षांत मी हे दोन शब्द कुठल्याही कागदावर लिहिले नव्हते. इतके उपयोगी असतील असं वाटलं नव्हतं.

गाणं पुन्हा लागलं. या वेळी मी ग्रुपवर काही टाकलं नाही, कुणाला विचारलं नाही. ताईला फक्त दुवा पाठवला. तिने बघितल्याची खूण आली, उत्तर आलं नाही. पंधरा दिवस पुरे व्हायला अजून तीन दिवस होते. मी ते दिवस कसेबसे काढले. तिच्याकडे आता एक असा आवाज होता जो तिला स्वतःलाच परत काढता येणार नव्हता, आणि तो मी तिला घरपोच पाठवला होता. बरं केलं की वाईट, ते मला ठरवता येईना.

चौथ्या दिवशी सकाळी मी दाढी करत होतो. चष्मा नव्हता. फोन वाजला तो तसाच उचलला. पलीकडून एक जाड, खरखरीत आवाज आला. पुरुषाचा की बाईचा, कळेना.

"ते 'खाली ये' गाणं तुम्हीच लावलंय का?"

मला वाटलं, अठ्ठाविसावा. माझ्या अंगात कार्यालय संचारलं. मी म्हटलं, हो, मीच लावलंय, ते आता कुठल्याही परिस्थितीत मागे घेतलं जाणार नाही, आणि आपला आक्षेप असेल तर तो आपल्यापाशीच ठेवावा.

पलीकडे माणूस हसलं. आणि हसणं ओळखीचं होतं. आवाज कुणाचाही असो, लहानपणी मी जिन्यावरून पडलो तेव्हा आधी हसून मग मला उचलणारं ते हसणं एकाच माणसाचं आहे. गालावरचा साबण वाळत चालला होता.

"आक्षेप नाही रे," त्या नव्या आवाजात ताई म्हणाली. मध्ये थांबून तिने श्वास घेतला. "बाई चांगली गाते, एवढंच सांगायला फोन केला."

"हो," मी म्हटलं. "माझी बहीण आहे ती."